डब्यात पार्टनर कोण?

धोंडिराम, परवा तुझी शोकसभा झाली. तीन भाषणं झाली आणि तिन्हींत तुला ‘गरिबांचा कैवारी’ म्हणलं गेलं. मी मागच्या खुर्चीत दात-ओठ खात बसलो होतो. कैवारी! हा शब्द तुझ्या कानावर पडला असता तर बशीतला चहा तसाच ठेवून तू म्हणाला असतास, “पाटला, सांग रे ह्यांना, मी नुसता मोजणारा माणूस हाय.” शेवटी मला उठवलं. धड दोन वाक्यं बोलता आली नाहीत. लोकांना वाटलं, फार हळवा आहे बिचारा. हळवा कसला डोंबलाचा, राग आला होता मला. तू सारी हयात एका गोष्टीसाठी भांडलास आणि तिचं नावसुद्धा कुणी घेतलं नाही. तो राग अजून उतरला नाही, म्हणून हे लिहायला बसलोय.

तुझा मला लई अभिमान आहे. हे तुझ्या तोंडावर कधी म्हणलो नाही, कारण म्हणलो असतो तर तू आठवडाभर माझी टिंगल केली असतीस. आता करून दाखव.

आपण दोघं एम.ए. होऊन एकाच वेळी एका संशोधन संस्थेत सर्व्हेच्या कामाला लागलो, कंत्राटावर. तू फर्दापूरकडच्या वाडीतला, धनगराचा, घरी मेंढरं. मी गंगापूरकडचा, घरी जमीन आणि नावापुढं पाटील, म्हणून तुझ्या तोंडी मी कायमचा ‘पाटला’ झालो. औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीत मास्टरसाब म्हणून घरमालक होते, त्यांच्या घरावर पत्र्याची खोली होती, ती आपण घेतली. मेसचा डबा लावला. एक डबा. त्यात तीन पोळ्या, भाजी, वरण आणि मुदीएवढा भात. डबा एका माणसाचा आणि खाणारे दोघं. त्या गल्लीतल्या सगळ्या खोल्यांत हीच रीत होती. कुणी परीक्षेच्या तयारीला आलेला, कुणी वाळूजला कंपनीत हेल्पर, कुणी वकिलाकडं उमेदवारी करणारा. ज्याच्यासोबत डबा खायचा, तो पार्टनर. ह्याला कुणी गरिबी म्हणत नव्हतं, दोस्ती म्हणत होते.

तिसऱ्या पोळीवरून आपण किती भांडलो रे! ती मधोमध कधी फाटायचीच नाही. तू मोठा तुकडा माझ्याकडं सारायचास आणि वर टोमणा मारायचास, “घे, पाटलांना जास्ती लागतं.” मी चिडून तो परत तुझ्याकडं ढकलायचो. ती पोळी ह्या ताटातून त्या ताटात फिरून थंड व्हायची.

मग ते ट्रेनिंग. शहरातल्या वस्त्यांत जाऊन कोण गरीब आणि कोण नाही ते मोजायचं होतं. सरांनी, म्हणजे आपल्या पाहणीच्या प्रमुखांनी, सरावासाठी जोड्या लावल्या. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं सांगायचं, मग उलट. आपली जोडी लागली. तू समोर बसलास, पेनचं टोपण काढलंस आणि माझं नाव विचारलंस, जसं काही आपण पहिल्यांदाच भेटत होतो. जमीन विचारलीस, ती मी सांगितली. बापाची, पण फॉर्ममध्ये ती माझीच झाली. मग तू विचारलंस, “दिवसातून किती वेळा पोटभर जेवता?”

मी म्हणलं, “दोन वेळा.”

तू वर बघितलंस. आदल्या दिवशीच्या डब्याचा तू साक्षीदार होतास, साक्षीदार कशाला, भागीदार होतास. तरी तू मान खाली घालून ‘दोन’ लिहिलंस. मग माझी पाळी आली. मी विचारलं, जनावरं किती? तू मेंढरं सांगितलीस. जेवण? “दोनदा. पोटभर,” तू म्हणालास, आणि मीही गुमान लिहून घेतलं.

बाहेर टपरीवर आलो आणि तू हसायला लागलास. हसता हसता तुझ्या डोळ्यांत पाणी आलं. “पाटला, तू माझ्यासमोर खोटं बोलला, मी तुझ्यासमोर खोटं बोललो, आन दोघांनी ते चांगल्या अक्षरात लिहून पण घेतलं!”

“खोटं कसलं?” मी म्हणलं. “आपल्यात ‘जेवलास का’ला ‘जेवलो’च म्हणतात. समोरच्याच्या घरी पीठ असंल-नसंल, त्याला कशाला अडचणीत टाकायचं?”

“व्हय. तेच म्हणतोय मी. आपण निघालोय भूक मोजायला आन मोजून आणतोय इज्जत.”

त्या दिवसापासून तू बिघडलास. माझ्या मते बिघडलास. दुसऱ्या दिवशी सरांनी फळ्यावर व्याख्या लिहिली: कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं. मग म्हणाले, खोल्यांमध्ये राहणारी मुलं वगळा, ती त्यांच्या गावच्या कुटुंबात धरली जातील. सगळे लिहून घेत होते आणि तू उभा राहिलास.

“सर, आमची चूल कुठली?”

“तुमची चूल गावाला.”

“सर, गावच्या चुलीचा इथवर वास पण येत नाय.”

वर्गात हशा पिकला. सर वाईट नव्हते, पण त्यांना शिस्त लागायची. ते म्हणाले की गावात तुझ्या घरी पाहणी झाली की तुझं नाव तिथं येईलच. तेव्हा तू जे सांगितलंस ते मी अजून लोकांना सांगतो. तू म्हणालास, “गावात येऊन गेले सर, मागच्या महिन्यात. माझ्या बापानं सांगितलं, पोरगा शहरात नोकरीला हाय. झालं! माझ्यामुळं ते गरीब नाय राहिले. आन इथं मी गरीब नाय, का? तर गावाकडं मेंढरं हायेत. आम्ही दोन्हीकडनं श्रीमंत हाओत सर, फक्त जेवायची पंचाईत हाय.”

सर म्हणाले, नियम तो नियम, खाली बस.

परतताना गुलमंडीतून आपण भांडत आलो. मी सरांच्या बाजूनं होतो, आणि अजूनही थोडासा आहे. मी म्हणलं, माप सगळीकडं एकच लागतं, नाहीतर ह्या शहराची त्या शहराशी तुलना कशी करायची? एका कापडाच्या दुकानाकडं बोट दाखवून म्हणलं, “ह्यानं गिऱ्हाईक बघून मीटर बदलला तर चालंल का तुला?” तू तिथंच थांबलास. मागून येणारा हातगाडीवाला शिव्या द्यायला लागला, तरी तू हलला नाहीस. “मीटर बदलू नको. पण कापडावर तरी ठेव की. तू रिकाम्या फळीवर मीटर ठेवून म्हणतोस, कापड नाय म्हणून!”

मी दुसरा मुद्दा काढला, माझा हुकमी. पोरांची ही गरिबी चार दिवसांची आहे, उद्या नोकरी लागली की संपली. ती खऱ्या गरिबांत धरली तर खऱ्या गरिबांवर अन्याय होईल.

“चार दिवसांची?” तू म्हणालास. “तरणेपण किती दिवसाचं असतंय?”

मी चिडून पुढं चालायला लागलो. आपलं हे भांडण तेव्हापासून चालूच राहिलं. मी नंतर प्राध्यापक झालो, मुलांना हाच विषय शिकवला, आणि दर वर्षी तो धडा आला की मला तुझी ती उभी राहायची तऱ्हा आठवायची.

घरी आलो तर मास्टरसाब ओट्यावर बसलेले. रिटायर्ड उर्दू मास्तर, पांढरी दाढी, हातात अडकित्ता. आपलं भांडण ते खालून रोज ऐकत असणार. त्यांनी विचारलं, “क्या झगडा चलरा रे? कौन गरीब, कौन नहीं?” तू सगळं सांगितलंस. ते सुपारी कातरत ऐकत राहिले आणि म्हणाले, “गरीब का असल मतलब मालूम है तुमकू? जो अपने वतन से दूर पड गया, वो गरीब. परदेसी. पैसे का मतलब बाद में चिपका उसकू.”

तू म्हणालास, “म्हणजे घर सोडून आलेला?”

“और क्या! मैं तो अपने घर में बैठे बैठे गरीब हो गया था.” मग त्यांनी आपली कथा सांगितली. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, तेव्हा ते आपल्याएवढे होते. सगळं शिक्षण उर्दूतून, अक्षर मोत्यासारखं, कचेरीत चिकटायचंच बाकी होतं. मग हळूहळू कचेऱ्या मराठी झाल्या. “पढा-लिखा आदमी, अनपढ हो गया मियाँ. बच्चों के साथ बैठके अ-आ-इ सीखा मैं. घर पक्का था, बाप की हवेली थी, तो किसने पूछा? जवान आदमी का पेट कौन देखता है? सब बोलते, अभी तो उम्र पडी है.”

त्या रात्री तू जेवून लगेच आडवा झालास. मला वाटलं, दमला असशील. सकाळी उठल्या उठल्या म्हणालास, “पाटला, खोल्यांतल्या पोरांना मोजायचं. काम सुटलं तरी चालंल.” तुला एवढंच पाहिजे होतं, की ही पोरं मोजणीत यावीत. तेव्हाही आणि मरेपर्यंत.

आणि काम सुटण्याइतकंच ते होतं. दिवसा वस्त्यांतलं नेमून दिलेलं काम करायचं आणि संध्याकाळी, कुणी न सांगता, खोल्या फिरायच्या. आधी तू विचारून बघितलंस, “डबा पूर्ण खातोस का अर्धा?” सगळे म्हणाले, पूर्ण. “कधी उपाशी झोपतोस का?” ह्याला तर एका पोरानं दार लावून घेतलं. तू वैतागलास. मग एक दिवस बोलता बोलता कुणाला तरी सहज विचारलंस, “तुझा पार्टनर कोण रे?” आणि ते पोरगं खुलून हसलं. “हा काय, ह्यो जालन्याचा. लई खातो हो! आन डबा उशिरा आला की तिसरा पण येतो, शेजारचा.” उपाशी आहेस का विचारलं की मान फिरवणारं पोरगं पार्टनरचं नाव मात्र अभिमानानं सांगत होतं. तू जिन्यावरून धावत खाली आलास आणि मला मिठी मारलीस, भर गल्लीत. मला लाज वाटली.

पण तुझी अक्कल किती, तर हाच प्रश्न घेऊन तू पोरींच्या खोलीवर गेलास! समोर चार पोरी, दारात घरमालकीण बाई, आणि तू वही सरसावून विचारतोस, “तुमचा पार्टनर कोण?” अरे, ज्या वेगानं ती बाई खराटा घेऊन तुझ्या मागं लागली, तो वेग मी जन्मात विसरणार नाही. “मेल्या, पोरींना पार्टनर विचारतोस?” तू जिना उतरलास की गडगडलास, मला आठवत नाही. मी खाली उभा राहून इतका हसलो की मला भिंतीला धरावं लागलं. मग तू खालूनच हात जोडून सांगायला लागलास, “मावशी, डब्यात हो, डब्यात! डब्यातला पार्टनर!” बाई थांबल्या. खराटा खाली टेकवला आणि म्हणाल्या, “मग तसं नीट विचार की, डब्यात पार्टनर कोण म्हणून.” तेव्हापासून प्रश्नात ‘डब्यात’ आला आणि कायमचा राहिला. वर त्या मावशींनीच सांगितलं की चौघीत दोन डबे येतात, आणि उरलेलं पोट कशानं भरतात ते आपल्याला ठाऊक नाही.

ह्या फिरण्यातच मला कावीळ झाली. तेव्हाचं सांगू का? तू मला सगळा डबा द्यायला लागलास. विचारलं तर म्हणायचास, आज उपास आहे. रविवार बिरोबाचा, सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा. बुधवारी तू अडखळलास तेव्हा मी उठून बसलो आणि म्हणलं, “बुधवार कुणाचा रे, धोंड्या?” तुला देव सापडेना. मास्टरसाब जिन्यातून म्हणाले, “बोल दे गनपती का. और कल जुमेरात, उसका मेरे पास एक पीर है, वो भी लेले.” दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याकडून तुझ्यासाठी खिचडी वर यायला लागली. त्या खिचडीबद्दल आपण तिघं कधी काही बोललो नाही. धोंडिराम, ते दिवस तू मला दिलेस. आभार मानायचे राहिले होते, आता मानतो. तू वाकडं तोंड केलंस तरी मानतो.

सरांना कळायचं ते कळलंच. त्यांनी तुला बोलावलं आणि सांगितलं की असं वगळलेल्या लोकांत फिरायचं असेल तर पुढचं कंत्राट मिळणार नाही. मी बाहेर उभा राहून ऐकत होतो. तुझ्या घरी तेव्हा बहिणीचं लग्न तोंडावर होतं. तू शांतपणे म्हणालास, “नका देऊ सर. पण एक डाव माझ्यासंगं चला. तुम्ही तुमच्या पद्धतीनं विचारा, मी माझ्या.”

सर आले. हे त्यांचं मोठेपण, मी नाकारणार नाही. पाय आखडत जिना चढले. एका खोलीत तिघं पोरं होती. सरांनी विचारलं, जेवण वगैरे नीट होतं ना? “हो सर, दोन्ही टायम.” मग तू भिंतीला टेकून विचारलंस, “डब्यात पार्टनर कोण रे?” तिघांनी एकमेकांकडं बोट दाखवलं आणि हसायला लागले.

सर जिना उतरले. खाली आल्यावर चष्मा पुसत तुला म्हणाले, “धोंडिराम, हा किस्सा झाला, मोजमाप नाही झालं. मोजायचं असेल तर प्रत्येक खोलीत एकाच शब्दांत विचारावं लागेल. जिथं उत्तर तुझ्या मनासारखं येणार नाही, तिथंही. जमेल?” तू म्हणालास, जमंल. घरी येऊन मला म्हणालास, “म्हातारा बरोबर बोलला रे.” हे मला तुझं सगळ्यात जास्त आवडलेलं. तुला दयेपोटी एकही माणूस वाढवायचा नव्हता. ज्या पोराला घरून पैसे यायचे, जो एकटा पूर्ण डबा खाऊन वर हॉटेलात डोसा खायचा, त्याला तू बिनदिक्कत ‘गरीब नाही’मध्ये टाकायचास, मग तो कितीही रडगाणं गाओ. मी एकदा म्हणलं, जाऊ दे, टाक त्यालाही. तू माझ्यावर असा खवळलास की विचारू नको. “एक खोटा घातला की बाकी सगळे खोटे ठरतेत!”

मुख्य तक्त्यात तुझी पोरं आली नाहीत. नियम राहिला. पण अहवालाच्या शेवटी एक भाग जोडला गेला, खोल्यांतल्या तरुणांचा, आणि त्यात तुझा प्रश्न तुझ्याच शब्दांत छापला होता. तू तो छापलेला कागद मास्टरसाबना वाचून दाखवलास. ते म्हणाले, “चलो, गिनती में तो आए.” तुझं कंत्राटही राहिलं. आणि एका कॉलेजच्या प्राचार्यबाईंनी तो भाग वाचून मुलांसाठी दुपारचं ताट चालू केलं. तुझी अट होती की ताट घेणाऱ्याला कसला कागद मागायचा नाही. ते ताट आजही चालू आहे. मी गेल्याच आठवड्यात मुद्दाम जाऊन बघून आलो, रांग होती.

पुढची सगळी वर्षं तू तेच केलंस. नव्या पोरापोरींना सर्व्हे शिकवलास. शहर वाढलं, नाव बदललं, पत्र्याच्या खोल्या जाऊन चार मजली लॉज झाले, डबे प्लॅस्टिकचे झाले. तुझं शिकवणं तेच. “उत्तर मिळालं की लगेच लिहायचं नाय. जेवलो म्हणला का? कुठं, विचारा. कुणासोबत, विचारा. मायेनं विचारा, पण विचारा.”

आपलं शेवटचं भांडण फोनवर झालं, दुपारी. तू गाडीवरून लोकांची जेवणं पोचवणाऱ्या पोरांची पाहणी करत होतास. म्हणालास, “फॉर्म विचारतोय दुचाकी हाय का, मोबाईल हाय का. दोन्हीला ‘हाय’. म्हणजे गरीब नाय! अरे, गाडी हप्त्याची, मोबाईलशिवाय काम मिळत नाय. ती गाडी त्याची नाय, तो गाडीचा हाय. आन पाठीवर दिवसभर दुसऱ्याचं जेवण.”

मी माझा जुना हेका सोडला नाही. म्हणलं, “वस्तू असणं हे पण एक माप आहे, धोंडिराम. तू प्रत्येक मापाला नावं ठेवशील तर शेवटी मोजणार कशानं?”

“उद्या येतो तुझ्याकडं. समोर बसून भांडू.”

“ये. जेवायलाच ये.”

“नको, जेवून येईन,” तू म्हणालास. बघ, तूसुद्धा!

दुसऱ्या दिवशी पहाटे तुझं हृदय थांबलं. माझ्याकडं त्या भांडणाचं उत्तर तयार होतं, चांगलं खणखणीत, आणि ऐकायला तू नाहीस. आता मला वाटतं, ते उत्तर एवढं खणखणीत नव्हतं. तू आला असतास तर दोन वाक्यांत मोडून काढलं असतंस, आणि मी चिडलो असतो. ते चिडणं मला पाहिजे आहे.

शोकसभेत मला जे सांगायचं होतं ते तुझ्या तिसऱ्या दिवसाचं होतं. तिथं जमलं नाही, इथं सांगतो.

तिसऱ्याला आम्ही तुझ्या वाडीवर होतो. राख सावडून आलो. अंगणात भावकीची माणसं बसलेली, वहिनी आत बायकांमध्ये. तुझी टीम शहरातून गाड्यांवर आली होती, दहा-बारा पोरंपोरी, उन्हानं काळवंडलेली, सगळी पंचविशीच्या आतली. लिंबाखाली अंग चोरून उभी होती. शेजारच्या घरून पिठलं-भाकरी आली होती. तुझी आई काठी टेकत बाहेर आली. रडून रडून तिचा आवाज बसला होता. तिनं डोळ्यांवर हात धरून त्या पोरांकडं बघितलं आणि विचारलं, “लेकरांनो, जेवलेत का रे?”

तुला माहीत आहे, अशा घरी, अशा दिवशी, ह्या प्रश्नाला काय म्हणतात. दुखवट्याच्या घरी कुणी भूक सांगतं का? मी मनातल्या मनात त्यांचं उत्तर म्हणूनही टाकलं होतं.

कन्नडची रूपाली, तुझ्याकडं नवीनच आलेली, पुढं झाली आणि म्हणाली, “नाय, आजी. सकाळपासून नुसता चहा झालाय.” तिच्या मागचा पोरगा म्हणाला, “माझं पण नाय, आजी.” मग एकामागून एक सगळ्यांनी तेच सांगितलं. भावकीतले म्हातारे एकमेकांकडं बघायला लागले. काय ही पोरं, रीतभात आहे का काही! आणि मला, धोंडिराम, तिथं राख सावडून आलेल्या हातांनी उभं असताना, अशी छाती भरून आली की काय सांगू. आपण दोघं एकमेकांसमोर जे बोलू शकलो नव्हतो ते ही पोरं तुझ्या आईसमोर सरळ उभं राहून बोलत होती. लाजली नाहीत. मान खाली घातली नाही.

“मग बसा की,” माय म्हणाली, आणि तिनं पहिल्यांदा त्या दिवशी काठी बाजूला ठेवली. पोरं रांगेनं बसली. मग ती माझ्याकडं वळली. “पाटील, तुमचं?”

“झालं माझं, माय.”

जन्माची खोड, जाते कुठं! रूपालीनं हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि माझ्याकडं बघितलं.

“कुठं, सर?”

“घरून निघताना.”

“कुणासोबत?”

ती हे मुद्दाम म्हणाली नाही रे. सवयीनं तोंडातून गेलं, आणि गेल्याबरोबर तिनं जीभ चावली. पण प्रश्न पडला तो पडलाच, तुझ्याच सुरात पडला. आणि माझ्या ओठांवर तुझं नाव आलं. म्हणायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं.

पोरगी तयार झालीये, धोंडिराम. पक्की. एक प्रश्न जास्तीचा विचारते आणि उत्तर येईपर्यंत नजर हटवत नाही.

मी म्हणलं, “नाही जेवलो, माय.” मग चप्पल काढली आणि पोरांच्या रांगेत जाऊन बसलो.